ॲसिटोनचा बोळा

"थांबा, काढतो ती. पुसून घेतो. हिचा हात लागलाय."

डॉक्टर असं बोलले तेव्हा समोर चार पाहुणे उभे होते. ट्रस्टची माणसं, सफारी घातलेली. मी नुकतीच काचेच्या नळीच्या तोंडावर काचेचीच चकती बसवली होती. सकाळपासून तेच करत होते. तीन नट, आळीपाळीनं, नुसत्या बोटांनी, पाव-पाव फेरा. डॉक्टरांनी तिन्ही नट सोडवले. चकती चिमट्यात धरली. कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवला आणि दोन्ही बाजूंनी घासघासून पुसली. मग दुसरा बोळा घेतला आणि मी धरलेलं पितळी कडंही पुसलं. चकती परत लावली, पाना घेतला, करकचून आवळली. मग बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुतले.

पाहुण्यांतला एक म्हणाला, "प्रयोगशाळा म्हटली की सोवळं आलंच."

सगळे हसले. डॉक्टर हसले. मीसुद्धा हसले.

हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं स्वतःचं तेवढं झाकलं. मी हसले. दात दाखवून हसले. आज ते हसू आठवलं की तोंडात कडू पाणी येतं.

मी कर्जतच्या बाजूची. बौद्धवाडीतली. आमचे आबा रेल्वेत गँगमन. ठाकुरवाडीच्या आसपास घाटात त्यांची ड्युटी. खांद्यावर पाना नि हातोडा घेऊन रुळांच्या कडेनं चालायचं, सांध्यांचे बोल्ट तपासायचे. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या मागं मागं जायची. एकदा मी एका बोल्टाला पाना लावून लटकले, सगळी ताकद लावली. मला वाटलं आबा शाबासकी देतील. त्यांनी पाठीत धपाटा घातला.

"आवळायचं गं, चेपायचं नाय," ते म्हणाले. "उनात रूळ वाढतो. त्याला सरकाया जागा ठेवावी लागते. नायतर वाकडा होतो नि गाडी खाली जाते."

एवढं एक वाक्य मी आबांकडून शिकले. बाकी सगळं पुस्तकातून. वाडीतली पहिली बी.एस्सी. मी. फिजिक्समध्ये पहिला वर्ग. ऐंशी साल उलटलं होतं तेव्हा. खालापूर तालुक्यात साजगावच्या कारखान्यांच्या मागे एका ट्रस्टची प्रयोगशाळा निघाली होती, तिथे मला सहायक म्हणून घेतलं. दोन वर्षं कच्ची, मग काम बघून पक्की. आबांनी वाडीत पेढे वाटले. आईनं माझ्यासाठी दोन पातळं आणली, फिकट रंगाची, हापिसात शोभतील अशी.

प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या. मधल्या खोलीला काळे पडदे. तिथे डॉक्टरांचा प्रयोग. डॉक्टर म्हणजे फिजिक्सचे, परदेशात शिकून आलेले. तिथून लेझर आणला होता, निळ्या प्रकाशाचा. माझ्याबरोबर दुसरा सहायक होता श्रीधर, पुण्याचा. आणि झाडलोट, चहापाणी करायला पांडूमामा, साजगावचे. एवढीच माणसं.

प्रयोग मला पहिल्याच आठवड्यात आवडला. वेड लागावं इतका आवडला. सांगते, अवघड नाही. प्रकाश ही लाट असते आणि ती लाट कुठल्या दिशेनं हलावी हे आपल्याला ठरवता येतं. लेझर एका पोलरॉइडच्या चकतीतून सोडला की उभा हलणारा प्रकाश तेवढा पुढं जातो. पलीकडं दुसरी पोलरॉइड आडवी लावली की तो तिथं अडतो. मिट्ट अंधार. या दोघींच्या मधे आमची काचेची नळी आणि नळीत नायट्रोजन डायऑक्साइड, अगदी विरळ. निळा लेझर आत गेला की त्या वायूत मंद नारिंगी रेघ दिसायची. आता बाजूनं पितळी भोंग्यातून मायक्रोवेव्ह सोडायच्या, तिरक्या दिशेनं. नळीतले रेणू गरागरा फिरत असतात. मायक्रोवेव्हची कंपनं त्यांच्या फिरण्याशी नेमकी जुळली की रेणू त्या तिरक्या दिशेला झुकतात आणि आतून जाणाऱ्या प्रकाशालाही जरासं वळवतात. अगदी जरासं. पण तेवढा प्रकाश आडव्या पोलरॉइडमधून निसटतो. अंधारात ठिपका. तो ठिपका यंत्र मोजतं आणि कागदावर पेन वर चढून खाली उतरतं. त्याला आम्ही टेकडी म्हणायचो. टेकडी कंपनांच्या कुठल्या आकड्यावर आली यावरून रेणूचा आकार कळतो. डोळ्याला न दिसणारा रेणू, नि त्याच्या हाडांची मापं आपण कर्जत-खोपोलीत बसून काढायची. मला हे खरंच वाटायचं नाही.

फक्त एक गोम होती. प्रकाशाला रेणूच वळवतात असं नाही. दाबलेली काचही वळवते. नळीच्या दोन्ही टोकांना काचेच्या चकत्या. त्या जास्त आवळल्या की काच आतून ताणली जाते आणि जे काम रेणूंनी करायचं ते फुकटचं काच करून टाकते. म्हणून मी नट बोटांनीच लावायची. पाना घेतच नव्हते. हे मला कुणी शिकवलं नाही. आबांचा धपाटा होता पाठीवर.

आणि रोज मी लावलेली चकती डॉक्टर काढायचे. पुसायचे. परत लावायचे. पान्यानं.

त्यांनी कधी जातीचं नाव घेतलं नाही. तेवढे ते शिकलेले. "स्वच्छता," म्हणायचे. "हाताला घाम असतो, तेल असतं." ठीक. मी खोपोलीच्या बाजारातून पांढरे सुती हातमोजे घेतले. हातमोजे घालून चकती बसवली. डॉक्टरांनी ती काढली, पुसली, लावली. आणि श्रीधर? तो वडापाव खाऊन यायचा, पँटला बोटं पुसायचा आणि तीच चकती धरायचा. त्याची चकती डॉक्टरांनी एकदाही काढली नाही. "छान बसवलीत हो श्रीधर." त्याला अहो. मला अगं, तू, ए. काचेला तेल कुणाचं लागत होतं ते मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं, नि मी मूग गिळून बसले.

चहाचंही तसंच. त्यांना कपबशा. मला एक बीकर, कडेला टवका उडालेला. बेसिनच्या खाली वेगळा ठेवलेला. "लॅबमध्ये सगळे बीकरमध्येच पितात," डॉक्टर म्हणाले होते. सगळे म्हणजे मी. सहा महिन्यांनी पांडूमामांनी मान खाली घालून सांगितलं, "बाय, मी सांगितलं म्हनू नको. पंपाचं तेलकट भाग त्यातच धुतलं होतं. मग तुला दिला." मी विचारलं, "मामा, तुमी मला त्यात चहा कसा दिला?" ते म्हणाले, "मला सांगितलं तसं केलं गं." शी! सहा महिने मी पंपाच्या तेलाचा चहा प्याले आणि वर बरा झालाय म्हणाले. त्या दिवसापासून चहाच सोडला. भांडले नाही. चहा सोडला, बस.

त्याहून घाण मी केलं ते पुढं. पुसण्याचा तो देखावा टळावा म्हणून मीच पुसायला लागले. डॉक्टरांना काहीही द्यायचं असलं, पेन, चिमटा, वही, की आधी ॲसिटोनचा बोळा. मी धरलेली बाजू पुसायची आणि मग पुढं करायची. डॉक्टर खूश. "आता शिकलीस." मलाही बरं वाटलं. काय सांगू, खरंच बरं वाटलं!

एके रविवारी दुपारी आबा ड्युटीवरून आले. हात काळे, ग्रीसनं माखलेले, नखांत घाटातली माती. मीही नुकतीच बाहेरून येऊन ओट्यापाशी उभी होते. तहान लागली म्हणाले, पाण्याचा पेला स्वतःच भरला आणि मीही तापलेय बघून आधी मला दिला. "घे गं, उनाची आलीस." मी पेला घेतला आणि पदरानं त्याची कड पुसली.

आबांनी धरलेली कड. मी पुसली. न बघता, न ठरवता, आपोआप. मग वर बघितलं तर आबा माझ्या पदराकडं बघत होते. ते भिंतीशी जाऊन बसले आणि आपले हात मांडीखाली घेतले.

मी मागच्या दारी गेले आणि ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पडलं. डॉक्टरांची किळस मला दोन वर्षं येत होती. पण त्या दुपारी जी आली ती माझी. त्यांनी माझ्या हातात बोळा दिला नव्हता. मीच उचलला होता आणि आपल्या पायांनी कर्जतला घरी घेऊन आले होते.

सोमवारी प्रयोगशाळेत टेकडी आली. मोठी, ठसठशीत. डॉक्टर लहान पोरासारखे टाळ्या पिटायला लागले. श्रीधरनं पेढे आणले. डॉक्टर त्याच दिवशी शोधनिबंध लिहायला बसले. महिन्याभरात मुंबईहून एक मोठे प्राध्यापक बघायला येणार होते. ते बरं बोलले की प्रयोगशाळेला मोठं काम मिळणार होतं.

मला ती टेकडी पटेना. फार गुबगुबीत होती. खरी रेघ एवढी माजलेली नसते. दोन दिवसांनी डॉक्टर ट्रस्टच्या कचेरीत गेले होते. मी पंपाचा कॉक उघडला आणि नळीतला सगळा वायू ओढून टाकला. नारिंगी रेघ विझली. नळी रिकामी. मग मायक्रोवेव्ह सुरू केल्या.

पेन चढलं. तीच टेकडी. रेणू एकही नाही आणि टेकडी जशीच्या तशी!

कारण उघड होतं. मायक्रोवेव्हनं कडं तापायचं, आधीच पान्यानं चेपलेली काच आणखी चेपली जायची. आमच्या यंत्राचा जोर मधल्या आकड्यांना जास्त, दोन्ही टोकांना कमी. म्हणून तापणंही तसंच चढायचं-उतरायचं. टेकडी रेणूंची नव्हती. डॉक्टरांच्या पान्याची होती. मी बसवलेली काच त्यांनी तशीच राहू दिली असती तर ही चूक झालीच नसती. माझा हात पुसायला गेले आणि दोन वर्षांचं काम बुडवून बसले.

मी सगळं वहीत लिहिलं. वायू काढला. टेकडी राहिली. कारण, ताणलेली काच. खाली सही केली.

डॉक्टरांना वही दाखवली. बोळ्यानं न पुसता दाखवली. ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. वहीकडं कमी आणि माझ्या बोटांकडं जास्त बघत होते.

"हे पान काढून टाक," ते म्हणाले.

"खोटं आहे का सर?"

"तुला विचारलं नाही. काढ."

मी पान काढलं नाही. त्यांनीही फाडलं नाही. फाडायला त्याला हात लावावा लागला असता.

प्राध्यापक आले त्या दिवशी मला कोपऱ्यात पंपापाशी उभं केलं होतं. पडदे ओढले. निळा लेझर, नळीत नारिंगी रेघ. श्रीधरनं मायक्रोवेव्ह सुरू केल्या. पेन चढलं, टेकडी आली. प्राध्यापक "वा, वा" करत पुढं झुकले. डॉक्टर सांगायला लागले, आम्ही कशी मेहनत घेतली, किती स्वच्छता पाळली.

मी कॉक उघडला.

नारिंगी रेघ फिकी झाली. फिकी, फिकी, आणि गेली. श्रीधरला मी म्हणाले, "परत लाव." त्यानं घाबरून परत लावलं. पेन चढलं.

प्राध्यापक म्हणाले, "आत वायू आहे ना?"

"नाही," मी म्हणाले. "नळी रिकामी आहे. ही टेकडी काचेची आहे. मी बोटांनी बसवते ती काच सर रोज काढतात, पुसतात आणि पान्यानं आवळतात."

"का?"

"मी महार आहे म्हणून."

हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारला नव्हता. मी उच्चारला. अंधारात कुणाचं तोंड दिसत नव्हतं. डॉक्टर ओरडले, "हिनं काच खराब केलीय! हिच्या हाताचे डाग आहेत त्यावर!"

मला वाटलं होतं प्राध्यापक काहीतरी बोलतील. एवढा विद्वान माणूस. त्यांना एका क्षणात कळलं होतं, लेझरच्या निळ्या उजेडात मी बघितलं, त्यांनी कड्यावरचे पान्याचे ओरखडे बोटानं चाचपले. मग घड्याळ बघितलं. म्हणाले, "होतं असं कधीकधी. बाकीचं तुमचं तुम्ही बघून घ्या." आणि बाहेर जाऊन कपबशीत चहा प्याले. दोन कप.

तिथं बसून ते चहा पीत होते तेवढ्यात मी आतून दार लावून घेतलं. नट सोडवले. चकती माझ्या उघड्या बोटांनी बसवली. पाव फेरा, पाव फेरा, पाव फेरा. वायू भरला. पोलरॉइड परत जुळवल्या, अंधार मिट्ट होईस्तोवर. मायक्रोवेव्ह लावल्या आणि आकडा सावकाश सरकवला. बराच वेळ पेन सपाट. मग ठरलेल्या जागेच्या किंचित अलीकडं ते उठलं. लहानशी, थरथरती टेकडी. भोंगा फिरवून प्रकाशाच्या दिशेशी समांतर केला. गेली. परत तिरका केला. आली. वायू काढला. गेली. पुन्हा भरला. आली.

ती खरी होती. चहा देऊन आत आलेले पांडूमामा कोपऱ्यात फडकं घेऊन उभे होते, त्यांना मी दाखवलं. ते म्हणाले, "एवढीशीच हाय व्हय?" मी म्हणाले, "हो मामा, एवढीशीच असते." मी रडले नाही. कागद फाडून घेतला, तारीख टाकली, वहीत चिकटवला.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी एक टाइप केलेला कागद टेबलावर सरकवला. पट्टीनं सरकवला. त्यात लिहिलं होतं की काच बसवताना माझ्या हाताच्या अस्वच्छतेमुळे प्रयोगात दोष आला, हे मला मान्य आहे. खाली माझ्या सहीची जागा.

"सही कर, पहिल्या तारखेपासून पक्की करतो," ते म्हणाले. "नाहीतर दोन वर्षं संपलीच आहेत."

कागद मी घरी नेला. आबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. पेल्याच्या त्या दुपारनंतर ते माझ्याशी मोजकंच बोलायचे.

"कर सही," शेवटी ते म्हणाले. "नोकरी हाय. वाडीत कुनाला हाय अशी? ते काय हात तोडून मागत नाय."

"हातच मागतायत आबा."

मग मी त्यांचा उजवा हात धरून पुढं ओढला. ते काढून घ्यायला लागले. मी सोडला नाही. ग्रीसचा तळवा, काळी नखं. मी म्हणाले, "या हातानं मला नट लावायला शिकवलं. परदेशातनं आलेल्याला ते येत नाय. आता या हाताला मी घाण म्हणून लिहून देऊ?"

आबांनी तोंड फिरवलं. ते हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. तो निर्णय त्यांच्यावर टाकायचा नव्हताच मला.

दुसऱ्या दिवशी त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पेनानं लिहिलं: "वायू काढल्यावरही टेकडी राहिली. काच पान्याने आवळली होती. आवळणारा हात माझा नव्हता. मी बोटांनी बसवल्यावर खरी टेकडी मिळाली, तिचा कागद माझ्या वहीत आहे." याच्या खाली सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. डॉक्टरांच्या पुढं धरला. त्यांनी घ्यायला पट्टी पुढं केली. मी म्हणाले, "पट्टीनं नाही. हातानं घ्या." त्यांनी घेतला नाही. मग मी तो त्यांच्या खिशात घातला, पेनाच्या शेजारी. पाच बोटं त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लागली. ते सुताराच्या फळीसारखे ताठ उभे राहिले.

मी वही उचलली आणि निघाले. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. फाटकावरच्या वॉचमननं दुसऱ्या दिवसापासून मला आत सोडलं नाही.

पुढं डॉक्टरांचा निबंध आला असं श्रीधरनं कळवलं. लहान टेकडीचा आकडा त्यात होता, माझी वही लॅबमध्ये होती तेव्हाच उतरवलेला. माझं नाव नव्हतं. मला आश्चर्य वाटलं नाही. किळस वाटली. आकडा घेताना त्यांना तो पुसून घ्यावासा वाटला नाही.

मी कर्जतजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्याच महिन्यात एका बाईंनी मी दिलेला खडू रुमालानं पुसला. मी त्यांचं मनगट धरलं. वर्गाच्या देखत धरलं. विचारलं, "कशाचा डाग आहे? दाखवा." त्या म्हणाल्या, "अहो, सवय आहे." मी म्हणाले, "डाग दाखवा." त्या लाल झाल्या, हात सोडवायला लागल्या, पोरं उठून बघायला लागली.

आता जो कुणी माझा हात लागलेली वस्तू माझ्यासमोर पुसेल, त्याचं मनगट मी धरणार. साहेब असो, सोयरा असो, नाहीतर मी स्वतः असो. धरणार आणि विचारणार. आणि डाग दाखवल्याशिवाय सोडणार नाही.